नक्शेवाल्यांचा कौल

गेवराईत मी ज्या घरी भाड्याने राहिलो, तिथे माझी जागा आणि घरमालकांचा संसार यांच्यामध्ये भिंत नव्हती, पडदा होता. घर माळवदाचं, ठेंगणं. पुढची ओसरी मला दिलेली. मागे ते, त्यांच्या पत्नी, तीन मुली आणि आंधळे वडील. मधल्या कमानीला दार बसवायचं कधीचं राहून गेलं होतं, म्हणून तिथे जाड मांजरपाटाचा एक पडदा सोडलेला असे. त्या पडद्याच्या माझ्या बाजूला एक रस्ता रंगवलेला होता. दोन्ही अंगांनी बाभळी, मधून चाकोरीचा पांढरा रस्ता, आणि तो दूर एका निळसर टेकडीशी जाऊन नाहीसा होई. पहिल्या दिवशी मी सतरंजी पसरली आणि बराच वेळ त्या रस्त्याकडे बघत बसलो. मी आष्टीकडच्या एका खेड्यातल्या सालगड्याचा मुलगा. कोणाच्या घरात चित्र असतं हेच मी तोवर पाहिलं नव्हतं.

"माणूस कसा नाही या रस्त्यावर?" मी विचारलं होतं.

"जाणारा ठरला की काढू," घरमालक म्हणाले, आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

निजामाचं राज्य होतं. मी सरकारी मदरशात मास्तर होतो. शाळेला तेव्हा मदरसाच म्हणत. ते तहसील कचेरीत नक्शानवीस होते. म्हणजे गावोगावच्या शेतांच्या हद्दी, ओढे, पांदणरस्ते मोजणीवाल्यांनी आणलेल्या खुणांवरून कागदावर उतरवायचे. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे नक्शेवाले म्हणत. मीही तसंच म्हणू लागलो. त्यांच्या पत्नीला मात्र काकू म्हणे.

दिवसभर दुसऱ्यांच्या बांधांच्या सरळ रेघा ओढायच्या आणि घरी आलं की पडदे रंगवायचे, असा त्यांचा जन्म चाललेला. नाटक कंपन्यांचे पडदे: राजवाडा, अरण्य, दरबार, रस्ता. चैत्रातल्या जत्रेला एक नाटक कंपनी बैलगाड्यांतून यायची. प्रवासात तिचे पडदे फाटायचे, पावसात रंग उतरायचे. जत्रेच्या दिवसांत नक्शेवाले ते सांधून, पुन्हा रंगवून द्यायचे. उरलेल्या वर्षात कंपनीच्या टाकाऊ पडद्यांवर आणि घरातल्या कापडांवर हात चाले. मुलींच्या वाकळेवर मोर होते. धान्याच्या पोत्यावर हत्ती होता. चिंचोके शिजवून केलेल्या खळीत ते रंग कालवत. त्या खळीला मुंग्या लागत, आणि मग काकू अरण्याच्या पडद्यावरून खऱ्या मुंग्या झाडत बसलेल्या दिसत.

रंग ते घरातूनच उचलत. चुलीवरची काजळी, नीळ, गेरू, चुना आणि मुख्य म्हणजे हळद. जेवताना वरण पांढरं दिसलं की समजायचं, कुठेतरी सूर्य उगवलाय. काकू हळदीची पुडी पिठाच्या मडक्यात पुरून ठेवत.

"अहो, पोरीच्या लग्नाला तरी हळद ठेवा जरा," त्या म्हणत.

"लग्नाला नवी आणू. ही जुनी हाय, हिचा रंग बसलेला हाय."

"कावून? भाजीत जुनी चालत न्हाई का?"

ते ताटाकडे बघून एवढंच म्हणत, "लई मोकळं दिसतंय." हा त्यांचा शब्द होता. भिंत दिसली, कोरा कागद दिसला, ढग नसलेलं आभाळ दिसलं, की हेच. मी पहिल्यांदा नवा सदरा घालून शाळेत निघालो तेव्हाही ते माझ्या पाठीकडे असं बघत होते की मी पाय उचलला.

कचेरीत काळी शेरवानी आणि रुमी टोपी घालावी लागे. बाहेरून ती शेरवानी स्वच्छ, इस्त्रीची. आत अस्तरावर मात्र सगळ्या रंगांची पुसलेली बोटं. उन्हाळ्यात वाऱ्याने शेरवानीचा पदर उलटला की रस्त्यावरची पोरं ओरडत, "नक्शेवाले, मोर उघडला, मोर!" ते घाईने पदर धरत आणि पोरांना रागवण्याऐवजी स्वतःच लाजत.

रोज संध्याकाळी ते आबांजवळ, म्हणजे वडिलांजवळ बसत. आबा कधीकाळी रिसाल्यात स्वार होते. डोळे जाऊनही पाठ ताठ. ते विचारत, "आज काय काढलं बे?" मग नक्शेवाले चित्र सांगत. दरबार असेल तर खांब किती जाड, गालिचा कोणत्या रंगाचा, राजाच्या आसनामागे खिडकी आहे की नाही. आबा ऐकून चूक काढत. "राजाच्या पाठीशी खिडकी? खुळा हायेस का? मागून कोणीबी येईल." मग नक्शेवाले उठत आणि खरोखरच खिडकी बुजवून येत. ओल्या पडद्यावर आबा हळूच तळहात ठेवत, आणि दिवसभर त्यांच्या हाताला निळा नाहीतर पिवळा रंग राही.

त्यांच्या एका नक्शाची गोष्ट अजूनही त्या भागात सांगतात. एका गावच्या नक्शात दोन भावांच्या शेतांमधला बांध होता. लांबच लांब रेघ, जवळ ना ओढा ना विहीर. यांना ते मोकळं दिसलं. यांनी बांधावर एक आंब्याचं झाड काढलं. चांगलं डेरेदार. नक्शा मंजूर झाला, दप्तरात गेला. पुढे त्या भावांचं बिनसलं आणि थोरल्याने अर्ज दिला की बांधावरचा आंबा माझ्या हिश्शाचा आहे. धाकट्याने उलट अर्ज दिला की माझ्या. बांधावर झाड नाही हे दोघांनाही माहीत होतं. पण सरकारी नक्शात आहे म्हटल्यावर आपला हक्क कोण सोडतो? तहसीलदार मोठे सभ्य गृहस्थ, हैदराबादकडचे. त्यांनी नक्शेवाल्यांना समोर बोलावलं.

"ये आम का दरख़्त कहाँ है?"

"हुज़ूर, नक़्शे में है."

"और ज़मीन पर?"

नक्शेवाले खाली बघून म्हणाले, "अभी नहीं है, हुज़ूर."

तहसीलदारांना हसू आवरेना. त्यांनी तंबी दिली, पण प्रकरण नोकरीवर बेतू दिलं नाही. पुढच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, नक्शेवाले एक आंब्याचं रोप आणि पाण्याची छागल घेऊन त्या बांधावर गेले. मी बरोबर होतो. नक्शात जिथे काढलं होतं नेमकं तिथेच त्यांनी खड्डा खणला. दोघे भाऊ आपापल्या शेतात उभे राहून बघत होते.

"हे कुणाचं म्हणायचं?" धाकट्याने ओरडून विचारलं.

"जो पाणी घालंल त्याचं," नक्शेवाले म्हणाले. मग दोघेही पाणी घालू लागले, असं पुढे ऐकलं.

कंपनीच्या मालकांना हा माणूस हवा होता. मालक जाडजूड, तोंडात कायम पान, सोलापूरकडचे. त्यांचा चित्रकार त्यांना सोडून गेला होता. दर जत्रेला ते आमच्या उंबऱ्यावर येऊन बसत आणि तेच सांगत. "नक्शेवाले, चला माझ्याबरोबर. हैदराबाद, सोलापूर, नागपूर, पुढं मुंबई. असे पडदे रंगवा की लोक नट बघायचे सोडून पडदे बघतील. इथं काय करताय? बांधांच्या रेघा?"

ही चेष्टा नव्हती. नक्शेवाल्यांचा चेहरा त्या आठ दिवसांत बदलून जाई. जेवण सुटे. कंपनीच्या तंबूत ते शिडीवर उभे राहून रंगवत असताना मी त्यांना पाहिलं आहे. दोन पुरुष उंच पडदा, आणि हा ठेंगणा माणूस हात खांद्यापासून फिरवत होता. घरी वाकळेवर मोर काढताना त्यांचं नुसतं मनगट हलायचं. संसार सोडून जायचं म्हणजे सरकारी नोकरी सोडायची, म्हातारपणचा वजीफा सोडायचा. मुली लग्नाच्या. वडील आंधळे. आणि कंपनीचा काय भरवसा? आज तंबू, उद्या नाही.

हा गुंता त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवला होता. ते देवीला कौल लावत. घरात अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा पितळी मुखवटा होता. जत्रा संपायच्या आदल्या सकाळी आंघोळ करून ते मुखवट्याच्या दोन्ही गालांना पाण्याने कण्हेरीच्या पांढऱ्या पाकळ्या लावत. उजवी आधी पडली तर जायचं. डावी आधी पडली तर नाही. मग सगळं घर बसून बघे. मी पहिल्या वर्षी बघितलं, डावी पडली. दुसऱ्या वर्षीही डावीच पडली. नक्शेवाले हात जोडत, आणि उंबऱ्यावरच्या मालकांना सांगत, "नको म्हणते." त्यात राग नसे, रड नसे. मालक पानाची पिचकारी टाकून उठत. काकू मुखवटा पदराने पुसून ठेवत.

मला वाटे, किती चांगलं आहे हे. कोणाला दोष नाही. बायकोला म्हणायला नको की तुझ्यामुळे राहिलो, आणि तिला ऐकायला नको. तेव्हा मी लहान होतो असं नाही, चांगला विशीतला होतो, पण मला तसंच वाटे.

तिसऱ्या वर्षी मात्र उजवी पडली. पाकळी लावून त्यांनी हात मागे घेतला न घेतला तोच ती गालावरून घसरली आणि खालच्या ताम्हणात पडली. मालक उंबऱ्यावरून उठलेच. "झालं! देवीनं हुकूम दिला! बांधा बोचकं!"

"कोणती पडली रे?" आबांनी विचारलं.

नक्शेवाले मुखवट्याकडे बघत होते. चेहरा पांढरा पडलेला. "आबा, वारा आला," ते म्हणाले.

"वारा न्हाई आला," आबा शांतपणे म्हणाले. "मला कळलं असतं."

पण नक्शेवाल्यांनी पाकळी पुन्हा उचलली. पळीने पाणी घेऊन त्यांनी मुखवट्याच्या उजव्या गालावर इतकं ओतलं की ते देवीच्या हनुवटीवरून ताम्हणात ठिबकू लागलं. पाकळ्या पुन्हा लावल्या. बऱ्याच वेळाने डावी पडली.

"बघा. नको म्हणते."

"अहो, मघा हो म्हणाली की!" मालक जवळजवळ ओरडले.

"मघा तिनं नीट ऐकलं नव्हतं."

त्या दिवशी काकूंनी मुखवटा पुसला नाही, एवढं मला आठवतं. मुलींनी पुसून ठेवला.

नक्शेवाले शेरवानी चढवून कचेरीला गेले. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की आज जुम्मा, कचेरी बंद. मी त्यांना शोधायला निघालो. ते कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर बसले होते. टोपी मांडीवर. लांबून जत्रेतल्या ढोलकीचा आवाज येत होता.

मी शेजारी बसलो. स्वतःचं सांगू लागलो. मला हैदराबादला कॉलेजात जाण्याची संधी आली होती. हेडमास्तरांनी माझ्यासाठी खटपट करून शिष्यवृत्ती मिळवली होती. पण घरी म्हातारे वडील, लग्नाची बहीण, कमावणारा मी एकटा. आमच्या घराण्यात कोणी तालुक्याच्या पलीकडे शिकायला गेलेलं नाही. मी म्हणालो, "मीही कौल लावावा म्हणतो. तुमच्याच देवीला."

ते ताडकन उठले. इतके रागावलेले मी त्यांना कधीच पाहिले नव्हते. "खबरदार! तिच्या नादी तुमी लागायचं न्हाई, मास्तर! बापाला इचारा. समोर बसून, तोंडानं इचारा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर तुमच्याजवळ रागवायला एक माणूस तरी राहील." मग ते पुन्हा पायरीवर बसले आणि टोपीवरची धूळ झाडू लागले. "माझ्याजवळ तेबी न्हाई."

मी गावी गेलो. वडील दोर वळत बसले होते. मी समोर बसलो आणि तोंडाने विचारलं. त्यांनी दोराचा पेड संपेपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाले, "लई लांब हाय का?"

"लांब आहे."

"मग भाकऱ्या जास्ती लागतील," ते म्हणाले, आणि आईला हाक मारली.

मी आज जो काही आहे तो त्या दोन माणसांमुळे आहे. एकाने भाकऱ्या बांधून दिल्या, दुसऱ्याने विचारायला लावलं. ते उपकार फिटण्यातले नाहीत.

बी.ए. झाल्यावर मी प्रमाणपत्र घेऊन आधी गेवराईला गेलो. नक्शेवाले थकले होते, दृष्टी अधू झाली होती. त्यांनी प्रमाणपत्र उजेडाला धरलं, जवळ नेलं, लांब नेलं. मी वाट बघत होतो की आता शाबासकी देतील. ते म्हणाले, "लई मोकळं दिसतंय." मला नाही म्हणवेना. त्यांनी काजळीत बारीक काडी बुडवून खालच्या कोपऱ्यात एक बगळा काढला. हात कापत असल्यामुळे एक पाय जरा लांब झाला. बीडच्या शाळेत नेमणूक होताना साहेबांनी विचारलं की ही कोणत्या विद्यापीठाची मोहर.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. तोवर आबाही गेले होते. मुली चांगल्या घरी पडल्या होत्या. ती नाटक कंपनीही मध्यंतरी मोडली असं ऐकलं. गावातले लोक म्हणत, नक्शेवाल्यांनी शहाणपणा केला, गेले असते तर देशोधडीला लागले असते. तसं असेलही. पण शिडीवर उभा राहून खांद्यापासून हात फिरवणारा माणूस मी पाहिला होता, त्यामुळे मला त्यात मान डोलावता येत नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा काकू एकट्याच होत्या. मी जुन्या सवयीने ओसरीवर बसलो आणि समोर बघितलं तर रस्ता नव्हता. पडद्यावर नुसते डाग होते, पिवळे, तपकिरी, मधे एक निळसर ओघळ. क्षणभर कळेना. मग लक्षात आलं की पडदा उलटा लावलेला आहे.

"मला जन्मभर मागचीच बाजू दिसली," काकू म्हणाल्या. "आता भाडेकरू कोण न्हाई. म्हणून फिरवून घेतला."

त्यांनी गुळाचा चहा दिला. मग बोलता बोलता त्या जत्रेचा विषय निघाला. मी म्हणालो, "देवीनेच अडवलं त्यांना दरवर्षी."

"बी.ए. झालात ना हो तुमी?" काकू म्हणाल्या, आणि हसल्या. "देवी कशाला अडवती? उजव्या पाकळीखालून दर साली एक थेंब हनुवटीपर्यंत यायचा. डावीखालून कधी न्हाई. उजवीला भरपूर पाणी, डावी कोरडी. मग कोणती पडंल? रोज तो मुखवटा मी घासत होते. मला कळणार न्हाई का?"

मी कप खाली ठेवला.

"आमच्यापायी करत होते. कळत होतं. पण त्या आठ दिवसांत त्यांचं तोंड बघवत नव्हतं मला. म्हणून त्या साली मुखवटा चिंचेनं घासला आन् उजव्या गालाला तुपाचं बोट लावलं. म्हणलं, जाऊ दे एकदा. पोरींचं मी बघितलं असतं. माझा भाऊ होता मांजरसुंब्याला. आबांना बी सांगून ठेवलं होतं. आबा म्हणले, जाऊ दे त्याला, मला कोण पळवून नेतंय."

म्हणून आबा म्हणाले होते, वारा नाही आला.

"काकू, मग तुम्ही तोंडाने का नाही सांगितलं त्यांना?"

त्यांनी पदराच्या टोकाने चहाचा सांडलेला थेंब पुसला. "ते मला इचारतील म्हणून मी वाट बघत होते. ते इचारत होते देवीला. मग मी बी देवीच्याच तोंडून सांगितलं." मग म्हणाल्या, "मला इचारलं असतं तर त्याच दिवशी बोचकं बांधून दिलं असतं मास्तर. मी हो म्हणंल, याचंच भ्या होतं का काय त्यांना, देव जाणे."

मला कचेरीची ती पायरी आठवली. समोर बसून, तोंडानं इचारा. हे त्यांना ठाऊक होतं. मला सांगता आलं, स्वतःला करता आलं नाही.

"या, आत या," काकू उठत म्हणाल्या. "तुमचा रस्ता आता इकडं हाय." त्यांनी पडदा बाजूला धरला. इतकी वर्षं त्या घरात राहून मी ती कमान कधी ओलांडली नव्हती. आत जाऊन मी वळलो आणि पाहिलं. बाभळींचा हिरवा रंग उडाला होता. टेकडीच्या कडेला मुंग्यांनी खळ खाल्ली होती. रस्ता मात्र पांढरा, तसाच. जन्मभर त्या माणसाला काहीही कोरं बघवलं नाही. माझी पदवी सोडली नाही, सरकारचा नक्शा सोडला नाही. त्या रस्त्यावर माणूस काढायला बोटभर काजळी पुरली असती.

मी जवळ जाऊन टेकडीपर्यंत बघितलं. कोणी नव्हतं.